खंडेनवमीनंतरचा मदरबोर्ड

थोरल्या भावाचा फोन आला तेव्हाच ओळखलं, काहीतरी निस्तरायचं असणार. वाळूजमध्ये दादाचं एका शटरचं वर्कशॉप आहे. त्यात तारेनं लोखंड कापणारं एकच जुनं मशीन, आणि ते चालवणारा तितकाच जुना कॉम्प्युटर. मशीनला कॉम्प्युटरशी जोडणारं कार्ड फक्त त्याच मदरबोर्डात बसतं. नव्या बोर्डांना तसली खाचच नसते. म्हणजे बोर्ड गेला की मशीन भंगारात आणि दादा घरी.

खंडेनवमीला तो दरवर्षी मशीनला हार घालतो. यंदा भक्तीला ऊत आला. खरं डोकं तर कॉम्प्युटरच्या आत आहे, म्हणून त्यानं कॅबिनेट उघडलं, मदरबोर्डाला हळदकुंकू वाहिलं, फुलानं पाणी शिंपडलं, आणि पूजेनंतर मशीन चालवून दाखवायची रीत म्हणून लगेच बटण दाबलं. फट्‌ आवाज झाला, जळका वास आला.

"मी चांगल्या मनानंच केलं की रे. देवाला कळत नाय व्हय?"

"देवाला कळतं, दादा. बोर्डाला नाय कळत," मी फोनवरच खेकसलो.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात जाऊन सकाळपासून झटलो. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय वेगळा काढून तपासला. तो शाबूत निघाला. ब्रशनं कुंकू झाडलं, बोर्ड स्पिरिटनं पुसला, हेअर ड्रायरनं वाळवला. रॅम काढून पुन्हा बसवली, सेल बदलला. बटणावर भरवसा नको म्हणून स्क्रूड्रायव्हरनं थेट पिना जोडल्या. एकदा पंखा जरासा हलला. दादानं हात जोडले. पंखा थांबला तो थांबलाच.

छावणीतल्या जुन्या मालाच्या दुकानदाराला फोन लावला. तो हसलाच. "भाई, ये बोर्ड अब भंगार में भी नै मिलता."

दादाचा राग येत होता, आणि त्याच्याकडं बघून वाईटही वाटत होतं. आता कुणाला साहेब म्हणायचं नाय, असं म्हणत त्यानं ऐन उमेदीत कंपनी सोडून हे शटर घेतलं होतं. आता पन्नाशी उलटलीय.

शेवटी मी हत्यारं पिशवीत भरली. दादानं मशीनवरचा सुकलेला हार काढला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुमच्या कंपनीत लावशील का मला? कुठलंबी काम चालंल. साहेबाला विचार की."

आमच्याकडं पस्तिशीपुढच्या माणसाचा अर्ज गेटवरूनच परत जातो. गेल्याच महिन्यात दोघांना मीच परत पाठवलं होतं.

"विचारतो," मी म्हणालो.