एक मत शिडीला

मॅडमनी बजावलं होतं, गाइडमधून उतरवून आणाल तर निबंध परत मिळेल. घरात खरंच काही करा आणि मग लिहा. स्पर्धा नागरिकशास्त्राची होती, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी, आणि विषय होता ‘मेरे घर में लोकतंत्र’. आमची मुलगी सातवीत. तिनं घरी येऊन दप्तर फेकलं आणि जाहीर केलं, की रविवारी आपल्याकडे मतदान आहे.

कशावर, हे तिला शोधावं लागलं नाही. आम्ही गोल बाजारात, भांड्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर राहतो. जिना अरुंद आणि उभा. खाली भांड्यांवर नाव घालायचं मशीन दिवसभर किरकिरत असतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या आवाजाच्या नावानं बोटं मोडतेय. नवऱ्यानं तेलीबांध्याला, तलावाजवळ, सातव्या मजल्यावरचा एक फ्लॅट पाहून ठेवला होता. लिफ्ट, पार्किंग, वारा, सगळं होतं. अडलं होतं बाबांवर, म्हणजे माझ्या सासऱ्यांवर. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, सारं आयुष्य या घरात गेलं, ते कसले हलतात, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांना कुणी विचारलं मात्र नव्हतं.

मुलीनं चिठ्ठ्यांवर दोन चिन्हं काढली. शिडी म्हणजे इथंच राहायचं, तलाव म्हणजे तेलीबांध्याला जायचं. हवं त्यावर फुली मारायची. मतदान केंद्र फ्रिजच्या आड, पेटी म्हणून बुटांचा खोका. मतदार आम्ही तिघं: बाबा, नवरा आणि मी. तिला स्वतःला मत नव्हतं, अठरा पूर्ण नाहीत म्हणून. याचा तिला इतका राग होता की शाई म्हणून मार्कर लावताना तिनं आमची बोटं रंगवूनच काढली.

“किसी को बताना नहीं,” तिनं नेहमीसारखा शाळेतल्या हिंदीत दम दिला. “गुप्त मतदान है.”

मी फ्रिजच्या आड गेले. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी तलावच म्हटलं असतं. आणि माझ्या हातानं शिडीवर फुली मारली. का, ते मला विचारू नका, मीच स्वतःला विचारत होते. चिठ्ठी खोक्यात टाकली आणि मग हिशेब केला. बाबांचं मत शिडीला, माझंही शिडीला, म्हणजे फ्लॅट मीच बुडवला. नवऱ्याकडे बघायची हिंमत होईना, म्हणून कुकर लावायला गेले.

मुलीनं खुर्चीवर उभं राहून निकाल वाचला. तलाव दोन, शिडी एक.

मी हातातला तांदळाचा डबा तसाच धरून उभी राहिले. शिडीचं एक मत तर माझं. म्हणजे बाबांनी तलावावर फुली मारली होती! ज्यांच्यासाठी आम्ही इतके दिवस थांबलो, ते जायला तयार, आणि रोज कटकट करणारी मी राहायला. माझं डोकंच चालेना.

नवऱ्याचं मात्र चाललं, आणि भलतीकडेच. ते एक मत बाबांचंच, याबद्दल त्याला शंकाच नव्हती. तो जिंकला होता, पण चेहरा पडला होता. बाबांच्या शेजारी बसून म्हणाला, “बाबा, तुमचं मन नसंल तर नाही जाऊ आपण. तुम्हाले नाराज करून तिकडं काय करायचं?”

आता बाबा खरं सांगणार, असं मला वाटलं. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

“हव,” ते म्हणाले. “मले नाही जायचं.”

नवऱ्यानं तिथंच फोन करून फ्लॅट नको म्हणून कळवलं. मुलगी तर अंगावर धावून आली. “दो वोट जीते थे, पापा! फिर वोटिंग करवाई क्यों?”

पुढचे काही दिवस मी घरात चक्रावल्यासारखी वावरले. मला बाबांचा राग आला, खरं सांगते. मत एक द्यायचं आणि तोंडानं दुसरंच बोलायचं, हा काय प्रकार? मग आठवलं, मीही तेच केलं होतं. बाबा अधूनमधून ई-रिक्षानं तेलीबांध्याला जात. त्यांचे रेल्वेतले सोबती तिथं तलावाला फेऱ्या मारतात. परतले की जिन्याच्या वळणावर बसून राहत. जाताना एकदा मी त्यांना दारात गाठलं. “बाबा, ते मत...”

“मत विचारायचं नसते, बेटा. पोट्टीनं सांगतलं ना?” असं म्हणून भिंतीला हात लावत ते उतरले.

मुलीला निबंधात दुसरा नंबर मिळाला. बक्षीस समारंभ शंकर नगरातल्या एका शाळेत होता आणि तिला निबंध वाचायला सांगितलं. मतदान, खोका, शाई, सगळं तिनं रंगवून लिहिलं होतं. शेवटी वाचलं, “बहुमत जीतकर भी झुक गया, क्योंकि मेरे आबाजी को अपनी सीढ़ियाँ पसंद हैं.” सभागृहानं टाळ्या वाजवल्या. बाबांनी सगळ्यांपेक्षा जोरात वाजवल्या. मला हात उचलवेना.

घरी आलो. नवरा आणि मुलगी भराभर वर गेले. बाबा वळणावर थांबले, पायरीवर टेकले. धाप लागली होती. मला राहवलं नाही. “तुम्हाला तर जायचं होतं, बाबा. मग काहून असं केलं?”

“त्याचं तर पक्कंच होतं जायचं. माझं मत मले माहीत. मग राह्यलं कोण?” ते हसले. “दुपारी मशीनचा आवाज आला का तू खिडकीत जाऊन बसते. कोण भांडे घेऊन राह्यलं, कोणाचं नाव टाकून राह्यले, सारं पाहत बसते. हसते बी एकटीच. मी पलंगावरून पाहतो ना. तिकडं सातव्या माळ्यावरून तुले काय दिसंल?”

मी खिडकीत बसते हे खरं होतं. ते मला आवडतं हे मला आत्ता कळत होतं, आणि कळायला इतका उशीर व्हावा याचं रडूच आलं. मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसले.

वरून मुलगी कठड्यावर वाकून ओरडली, “आबाजी, आओ ना जल्दी! आपको तो सीढ़ियाँ पसंद हैं!”

“हव, येतो,” बाबा म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर भार टाकून उठले.