बिनरेघेचा भ

चहा घ्या, आणि हे ऐकून माझ्याकडून बोर्ड करून घ्यायचा की नाही ते ठरवा.

जव्हारमध्ये माझं बोर्डाचं दुकान. वीस वर्षं जाड अक्षरं, लाल सावली, कडेला फुलं. मग कॉम्प्युटरवर एक नवा फॉन्ट दिसला आणि मी पार विरघळलो. अक्षरं कशी गुळगुळीत, सुटसुटीत. नक्षी नाही, वेलांट्यांचा फुलोरा नाही. डोक्यावरची आडवी रेघसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात पोशेऱ्याच्या भारतीताई आल्या. मोखाड्यात स्टँडसमोर खानावळ काढत होत्या. म्हणाल्या, "रेशनकार्डाबाहेर माझं नाव पहिल्यांदाच लागतंय, दादा. नीट लावा."

मी पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत 'भारती भोजनालय' करून दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"वरची रेघ विसरलात का?"

"ताई, हल्ली असंच असतं. मोकळं वाटतं."

शिकलेला माणूस सांगतोय म्हणून त्यांनी बोर्ड तसाच नेला. तिथेच माझं चुकलं, पण तेव्हा मी खुशीत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "दादा, लोक विचारतात, कोणाला मारती?"

"म्हणजे?"

"बोर्डावर 'मारती' वाचतात."

आता बघा, रेघ गेली की भ आणि म यांच्यात उरतं काय? एक बारीकशी गाठ. ती या फॉन्टमध्ये दुर्बिणीनेच दिसावी. तरी मी म्हणालो, "होईल सवय."

सवय झाली नाही. ताईंचे यजमान काशिनाथ लाकडं फोडताना अंगठ्याला लागलं म्हणून हाताला फडकं बांधून गल्ल्यावर बसलेले. बोर्ड वाचायचा, फडकं बघायचं, आणि गिऱ्हाईक हळहळत जेवायचं. सूर्यमाळचे एक गुरुजी तर त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "सहन करू नका." चौथ्या दिवशी गावच्या तंटामुक्ती समितीचे आप्पा समजूत घालायला आले.

"घरातलं भांडण बोर्डावर कशाला आणायचं, पोरी?" त्यांनी ताईंना विचारलं.

काशिनाथ सांगत होते, ती मारत नाही. आप्पा म्हणाले, "घाबरू नका, मी आहे."

हे सगळं ताईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी मोखाड्याची एसटी धरली. उतरलो, रस्त्यापलीकडून वर पाहिलं, आणि मी, ज्याने तो बोर्ड केला, स्पष्ट वाचलं: 'मारती मोजनालय'.

निमूट शिडी मागितली. डबा-ब्रश सोबत होताच. शेवटच्या 'य'पासून सुरुवात करून, 'भ'च्या डोक्यावर फट सोडून, एकेका अक्षरावर रेघ ओढू लागलो. खाली शिडी धरून भारतीताई उभ्या. अर्धं काम झालं असेल, तेवढ्यात एसटीतून उतरलेल्या एका पाहुण्याने बोर्ड वाचला आणि अदबीने विचारलं,

"ताई, कोणाला मारती?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "त्याला आधी खाली तर उतरू दे."