खांड दिसली की सांगावे : कॅप्टन हसुराम म्हात्रे

कॅप्टन हसुराम म्हात्रे यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावे, असे पेणच्या सत्कार समितीने कळवले, तेव्हा मी आधी सरांनाच फोन केला. ते म्हणाले, लिही, पण मला देव करू नकोस; देवाला दर सहा महिन्यांनी डॉक्टरपुढे उभे राहावे लागत नाही. सरांची आज्ञा मी आजवर मोडलेली नाही. एकदाच त्यांच्या विरोधात गेले असे लोक म्हणतात, पण तीही खरे तर त्यांचीच आज्ञा होती. ती हकिगत पुढे येईलच.

आमची पहिली भेट रोह्यात, एका लग्नात झाली. मी तेव्हा वैमानिकाचा परवाना घेऊन घरी बसले होते. वडील धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जात आणि कॅन्टीनमध्ये कोणी ना कोणी त्यांना विचारी, पोरगी उडाली की नाय अजून? पंगतीत वडिलांनी सरांना गाठले. सरांनी माझे गुण विचारले नाहीत की उड्डाणाचे तास विचारले नाहीत. बॅगा उचलायची लाज वाटते का, एवढेच विचारले. मी नाही म्हटल्यावर, सोमवारी मुंबईला हँगरवर या, म्हणाले आणि जिलेबीकडे वळले.

सोमवारी मी कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश घालून हजर झाले. सरांनी माझ्या हातात व्हॅक्यूम क्लीनर दिला. एका उद्योगपतींच्या, म्हणजे आमच्या शेठच्या, खासगी जेटचे ते कॅप्टन होते, आणि त्या विमानात गालिचा झाडण्यापासून सगळे काम दोन वैमानिकांचेच होते. मोठ्या विमान कंपनीत हवामान एक जण बघतो, इंधन दुसरा भरतो, सामान तिसरा चढवतो. आमच्याकडे हे सगळे कॅप्टननेच पाहायचे. ज्या धावपट्टीवर उतरायचे ती ओली असली तर पुरेल का, परतीचे इंधन तिथे मिळेल का, नाहीच उतरता आले तर जवळ दुसरे काय आहे, परवानग्या आल्या का, चहात साखर कोणाला चालत नाही, हेसुद्धा. आणि शेठ ऐन वेळी दोन पाहुणे जास्त घेऊन आले तर, नाही, असे हसतमुखाने सांगायचे. सर म्हणत, विमान उडवायला महिनाभरात शिकवीन, नाही म्हणायला वेळ लागेल.

वजनाच्या बाबतीत तर त्यांनी देवालाही सूट दिली नाही. एकदा शेठना पेणची गणेशमूर्ती विमानाने आपल्या गावी न्यायची होती. सर स्वतः मूर्तीच्या कारखान्यात गेले आणि बाप्पांना काट्यावर बसवूनच बाहेर पडले. कारखानदार हात जोडून म्हणाले, भाऊ, आजवर बाप्पांचे वजन कोणी विचारले नव्हते. विमानात मूर्ती मागच्या सीटवर बसली, अंगाभोवती गाद्या आणि वर पट्टा. शेठ हसायला लागले, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, पट्टा सगळ्यांना लागतो.

त्यांच्या गावात, धरमतर खाडीच्या काठी, अजूनही कोणी ना कोणी विचारते की हसुराम चालवतो ती शेठची गाडीच ना, फक्त हवेतली? सर रागावत नाहीत. पारावर बसून समजावतात. सगळ्यात वरचा परवाना लागतो, त्याच्या परीक्षा लागतात, विमानाच्या प्रत्येक जातीसाठी वेगळे प्रशिक्षण लागते. एका जातीचे विमान उडवणाऱ्याला दुसऱ्या जातीचे उडवता येतेच असे नाही. मग ठरावीक काळाने सिम्युलेटरच्या खोलीत बंद करून परीक्षक इंजिन बंद पाडतात, आग लावतात आणि कॅप्टनचे डोके किती थंड आहे ते बघतात. आणि डोळे, कान, हृदय यांची तपासणी तर पाठ सोडतच नाही. एवढे ऐकून एक आजोबा म्हणाले होते, मंग शेठच बरा रं, त्याला कायच परीक्षा नाय.

सरांचे घराणे मिठागरातले. खाडीकाठच्या माणसाचे सगळे आयुष्य बाहेरकाठ्यावर, म्हणजे समुद्राचे पाणी अडवणाऱ्या बांधावर अवलंबून असते. त्या बांधाला पडलेले भगदाड म्हणजे खांड. ती वेळेत बुजवली नाही तर खारे पाणी आत शिरते आणि शेत कित्येक वर्षे पिकत नाही. माझ्या पहिल्या उड्डाणाआधी सरांनी मला त्यांच्या गावची रीत सांगितली. “खांड दिसली की पयलं वरडायचं, बाय. बांध कोणाचा, चूक कोणाची, ते मागनं. आनि वरडणारा खोटा ठरला तरी त्याला कोन बोलत नाय.” आमच्या विमानात तोच कायदा होता. दोघांपैकी कोणीही ‘खांड’ म्हटले की हातातले काम थांबवायचे. कारण विचारायचे ते सुरक्षित झाल्यावर.

पहिल्याच पावसाळ्यात एका डोंगराळ गावी उतरताना ढगातून धावपट्टी दिसेना. मी ‘खांड’ हा शब्द उच्चारला आणि तो पुरता तोंडाबाहेर पडायच्या आत सरांनी विमान वर घेतले. मागे एका बड्या पाहुण्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर चहा सांडला. दुसऱ्या विमानतळावर उतरल्यावर पाहुण्यांनी विचारले, हा निर्णय कोणाचा? सर म्हणाले, माझा. वर्षभराने त्यांनी मला सांगितले की त्या दिवशी त्यांची नोकरी जाता जाता राहिली होती.

आता ती हकिगत. दोन वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आले की विमानतळाच्या नियंत्रण टॉवरचा आवाज आला की सर एका बाजूचा हेडफोन कानावर घट्ट दाबतात. एकदा टॉवरने दिलेल्या उंचीऐवजी त्यांनी वेगळीच उंची लावली. मी दुरुस्त केली, त्यांनी आभार मानले. थकले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढच्याच आठवड्यात सकाळी इंजिन सुरू करण्याआधी मी टॉवरची सूचना मोठ्याने वाचून दाखवली. सर ‘व्हय’ म्हणाले आणि भलतेच बटण दाबायला त्यांचा हात गेला. शेठ पाहुण्यांसह शिडी चढत होते. ज्यांनी मला या खुर्चीत बसवले, त्यांची खुर्ची माझ्या एका शब्दाने जाणार होती.

मी म्हटले, “सर, खांड.”

त्यांनी हात मागे घेतला. हेडफोन काढून मांडीवर ठेवला, उठले आणि दारात जाऊन शेठना सांगितले की आज विमान जाणार नाही. मग पायऱ्यांवर बसून मला म्हणाले, आता सांग. मी रडत रडत कानाचे सांगितले. त्याच दुपारी ते आपण होऊन डॉक्टरकडे गेले आणि उड्डाणासाठी अपात्र ठरले.

मी त्यांच्या आईंची माफी मागायला गावी गेले. जनीबाईंचे हात मिठागरात काम करून अजूनही खरखरीत आहेत. मी सगळे सांगितले. त्या भाकरी थापत होत्या, थापतच राहिल्या. म्हणाल्या, “खांड बगून गप ऱ्हायली आसतीस, तं या घरात पाय ठेवू दिला नसता तुला. बस गो, जेव.” मी बसले आणि जेवले. त्या दिवशी मला रडू आले नाही.

शेठनी सरांची डावी खुर्ची, म्हणजे कॅप्टनची जागा, मला देऊ केली. मी नको म्हटले. दुसऱ्या दिवशी सर रोह्याला आमच्या घरी हजर. चहा घेतला नाही, सरळ विषयाला हात घातला. तू नको म्हटलेस तर लोक समजतील की बोलल्याचा तुला पस्तावा झाला, आणि मग पुढच्या वेळी कोणी बोलणार नाही. मी विचारले, आणि तुमचे काय? ते म्हणाले, मी परत येणार आहे. ते असे म्हणाले जणू पेणला जाऊन संध्याकाळी यायचे होते.

पुढचे वर्ष मी त्यांच्या हाताखाली काढले, ते जमिनीवर होते तरी. कॅप्टनपदाच्या प्रत्येक परीक्षेआधी ते मला पेणच्या घरी बोलावत, खुर्च्या शेजारी मांडत आणि एकामागून एक संकटे माझ्यावर सोडत. त्याच वर्षी त्यांच्या कानावर शस्त्रक्रिया झाली. पहिली फारशी लागू पडली नाही. घरच्यांनी सुचवले की आता पुरे, साठी आली, शेती बघा. सर रोज पहाटे बाहेरकाठ्यावर चालायला जात राहिले. दुसरी शस्त्रक्रिया झाली. वैद्यकीय मंडळाने एकदा परत पाठवले. ते पुन्हा गेले. दुसऱ्या खेपेला मंडळाने त्यांना पात्र ठरवले. मग सिम्युलेटर, मग परीक्षक, सगळे पहिल्यापासून. कुठेही वशिला लावला नाही, कुठेही तक्रार केली नाही.

परत आल्यावर शेठनी विचारले, म्हात्रे, आता डावीकडे कोण बसणार? सर म्हणाले, ती जागा भरलेली आहे, उजवी रिकामी असेल तर बघा. ते उजवीकडे बसले. पहिल्या उड्डाणाच्या सकाळी मी पोहोचले तेव्हा गणवेशातले म्हात्रे सर गालिच्यावर व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होते. मी तो घ्यायला गेले, तर म्हणाले, कॅप्टनने हवामान बघावे.

आमच्या कामात साठीनंतर शेजारी साठीच्या आतला वैमानिक असावा लागतो. ती जागा सध्या मी धरून ठेवली आहे आणि सोडणार नाही. सरांना उत्तम आरोग्य आणि दीर्घ आयुष्य लाभो, हे तर पेणपासून रोह्यापर्यंत सगळेच म्हणतील. मी आणखी एक मागते. त्यांचे कान असेच तीक्ष्ण राहोत, म्हणजे माझा हात चुकेल त्या दिवशी ते सांगतील. आणि कधी काळी पुन्हा त्यांनाच ‘खांड’ सांगायची वेळ आलीच, तर ते सांगण्याचा हक्क त्यांनी दुसऱ्या कोणाला देऊ नये. तो माझा आहे, त्यांनीच दिलेला.