दोरीआप्पांचा ओटा

दोरीआप्पा गवंडी होते, पण त्यांच्याजवळ फुटपट्टी नव्हती. ओळंबा, थापी आणि सुताच्या दोऱ्या, एवढंच. ज्या बाईचा ओटा, तिची दोरी. ते बाईला हात लावत नसत. दोरी तिच्याच हाती देऊन तिच्या कोपराशी, कमरेशी आणि हात पोचेल तिथं अशा तीन गाठी मारायला लावत. मग ती दोरी त्यांच्या घरी खुंटीला. मी चौथी शिकलेली, फूट-इंच येणारी. मला आधी हसू आलं.

मी बोरगावात नवी सून होते. सासूबाई विहिरीवर घसरल्या, कंबर गेली आणि त्यांना खाली बसता येईना. तेव्हा चूल जमिनीवर आणि रांधणारी पाटावर. आमचं जैनांचं घर. दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायला हवीत. माझ्या भाकऱ्या करपत. मामंजींनी निपाणीहून स्वयंपाकीण आणायचं बोलून दाखवलं. "चूल गेल्यावर मी या घरात कशाला?" एवढं म्हणून सासूबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत.

मग मामंजींनी दोरीआप्पांना बोलावलं. भिंतीलगत उभ्यानं रांधायचा ओटा करा म्हणाले. आप्पांनी आल्या आल्या माप घेतलंच नाही. दिवसभर स्वयंपाकघरात बसून कौलातल्या काचेचा उजेड कुठून कुठं सरकतो ते बघत राहिले. सांजेला म्हणाले, "भितीला न्हाय. मधी."

"मधी? घर हाय का देऊळ?" मामंजी तडकले.

"भितीला उभारली की उजेड पाठीवर आन् सावली परातीत. डाळीतला किडा दिसायचा न्हाय, आण्णा. चालंल तुमास्नी?"

जैनाच्या घरात जीवहत्या कशी चालेल! मामंजींनी स्वतःच मधली जागा मोकळी करून दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चुन्याशिवाय नुसत्या विटा रचल्या, वर फळी आणि फळीवर शेगडी. शेजारची आक्का डोकावून म्हणाली, "अगं बाई, सरण रचलंय का काय घरात!"

"व्हय गं," सासूबाई म्हणाल्या, "आधी तुलाच घालतो त्यावर." महिन्यात पहिल्यांदा त्या हसल्या.

सकाळी ओटा बरोबर होता. सांजेला भाकरी थापताना सासूबाईंचे खांदे वर चढायला लागले. आप्पांनी फळी काढली आणि विटांचा एक थर उतरवला.

"बाई सकाळी येका मापाची, सांजंला दुसऱ्या," ते म्हणाले. "दिस बुडायच्या घाईत ती वाकत्याच. वटा दमलेल्या बाईच्या मापानं बांधायचा."

त्या दिवसापासून मी आप्पांना हसायचं बंद केलं. पुढं शिकलेली माणसं पुष्कळ पाहिली. हे कुणाला सुचलेलं पाहिलं नाही.

तीन दिवस असं रांधून घेऊन मगच त्यांनी सासूबाईंना दोरीवर गाठी मारायला लावल्या आणि चुना कालवला. धुराड्याखालच्या टोकाला चूल, खाली सरपण, वर शहाबादी फरशी. स्वयंपाकीण आली नाही. सासूबाई त्या ओट्याशी अकरा वर्षं उभ्या राहिल्या.

त्या गेल्यावर ओटा मला उंच पडू लागला. तोडायचं म्हटल्यावर आक्का म्हणाली, "सासूची आठवण मोडतीस व्हय गं?" मी तरीही आप्पांना बोलावलं. त्यांना तोवर दिसेनासं झालं होतं. मी सरळ सांगितलं, "त्या गेल्या. मला चार बोटं उंच होतंय. उतरवा." आता बोलणी खावी लागणार असं वाटलं.

"शानी हाईस," ते म्हणाले. "वटा जित्या माणसाचा असतोय."

त्यांनी सासूबाईंची दोरी आणली होती. चाचपत तिन्ही गाठी सोडल्या, टोक माझ्या हाती दिलं आणि त्याच दोरीवर माझ्या गाठी मारून घेतल्या. ओटा उतरवून झाल्यावर दोरी ठेवूनच गेले. "मला आता दिसत न्हाय. तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे." ते पुन्हा आले नाहीत.

दोरी आमच्या खुंटीला आहे. सासूबाईंच्या गाठी सुटल्या तिथं सूत अजून वाकडं आहे. माझी सून माझ्याहून उंच आहे. माझ्यामागं माझ्या गाठी सोडायच्या, असं तिला मी सांगून ठेवलं आहे.