शाब्बास म्हटलं की

पिल्लावर मी कधी हात उचलला नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. नांदेडला आमच्या गल्लीत याचं फार नवल करतात, कारण माझी जीभ किती तिखट आहे हे गल्लीला आणि शाळेत माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांना चांगलं ठाऊक आहे. "मॅडम, कुत्र्याला एवढं वळण कसं लावलं हो?" असं कुणी विचारलं की मी काहीतरी बोलून विषय बदलते. लोकांना तो विनय वाटतो. विनय कसला, लाज वाटते मला.

मुलीचा मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा पहिला प्रयत्न फसला, तेव्हा आमच्याकडे सगळे करतात तेच आम्ही केलं. रिपीट. क्लासेस नांदेडलाही काही कमी नव्हते, पण लातूरला गेलं की नंबर लागतोच अशी नवऱ्याच्या ऑफिसात सगळ्यांची खात्री. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली, गाद्या, कुकर, शेगडी आणि देवाचा फोटो टेम्पोत टाकला आणि क्लासच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर एक खोली भाड्यानं घेतली. त्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक दारामागं अशीच एक आई आणि एक मूल होतं. नवरे आपापल्या गावी नोकऱ्या करायचे आणि रविवारी एसटीनं यायचे. आमचे हे येताना अर्धापूरची केळी आणायचे. मुलं क्लासला गेली की आम्ही आया जिन्यात उभ्या राहून मार्कांवर बोलत असू, आणि प्रत्येकजण आपल्या लेकराचे मार्क थोडे वाढवून सांगत असे. मीही सांगायची.

पहिल्या निकालाच्या दिवशी मुलगी मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आली होती. तिनं आकडा सांगितला. मी पोळ्या करत होते. मान वर न करता मी म्हटलं, "शाब्बास! आता गल्लीत पेढे वाटून येते मी." तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली. पूर्वी ही पोरगी शाळेतून आली की दप्तर खाली ठेवायच्या आत सगळा दिवस सांगून मोकळी व्हायची. कोण रुसलं, कोण पडलं, कोणत्या सरांचा शर्ट उलटा होता. आता "डबा भरला का" आणि "किल्ली कुठं आहे", बस. लातूरच्या त्या एका खोलीत आम्ही दोघीच, आणि तिच्या बाजूनं सगळं सामसूम. तिचा नंबर लागायला हवा होता, हे खरंच. पण त्याहून जास्त मला तिची ती बडबड परत हवी होती, आणि ती मागायची कशी हे मला येत नव्हतं.

तो टोमणा माझा नव्हे, माहेरचा. मी मूळची लातूरचीच, पण तिथं आता माहेरचं कुणी राहत नाही. भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. आमच्या घराला नुसत्या भेगा गेल्या होत्या, पण आत झोपायची कुणाचीच हिंमत होत नव्हती. सगळी गल्ली मैदानात ताडपत्र्या बांधून राहिली. त्या गोंधळात माझं सहामाहीचं गणित बिघडलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, पेपर हातात धरून सगळ्या ताडपत्र्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शाब्बास! लोकांची घरं पडली, अन् आमच्या लेकीचे मार्क पडले." आजूबाजूची माणसं हसली. किल्लारीकडच्या बातम्या ऐकून डोळे सुजलेली माणसं ती, त्यांना हसायला काहीतरी मिळालं. मी ताडपत्रीच्या मागं जाऊन बसले. अण्णा दुष्ट नव्हते हो. भूकंपानंतर कित्येक दिवस ते मदतीच्या ट्रकवर जात होते, परत आले की जेवण त्यांच्या घशाखाली उतरत नसे. पण तो बोल मला असा लागला की अजून आठवला की अंग आखडतं. आणि तरी माझ्या तोंडात तो जसाच्या तसा येऊन बसला. मी त्याला हजरजबाबीपणा समजत होते.

पिल्लू मुलीनंच आणलं. डाळमिलच्या रस्त्यावर ऑटोखाली येता येता वाचलं म्हणे. सॅकमध्ये फिजिक्सच्या पुस्तकावर बसवून तिनं ते वर आणलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते कुईकुई ऐकून खालून घरमालकीणबाई वर आल्या.

"पोरीला लळा लागला असंल तर राहू द्या, ताई," त्या म्हणाल्या. "पण लई भुंकलं तर बाकीच्या लेकरांचा अभ्यास होत न्हाई. अन् जिन्यात घाण केली, तर कुत्रं बी जाईल अन् तुमची खोली बी. आधीच सांगून राहिले."

मुलगी पिल्लाला छातीशी धरून उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. कित्येक महिन्यांनी ती माझ्याकडं सरळ बघत होती. मी हो म्हणून टाकलं.

वळण लावायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. तिला कुठली फुरसत? तिनं मोबाईलवर एक व्हिडिओ लावून दिला आणि शेजारी बसून समजावलं. मारायचं नाही. ओरडायचं नाही. त्यानं बरोबर केलं की त्याच क्षणी एक ठरलेला शब्द म्हणायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. चुकलं तर गाजावाजा करायचा नाही, पुढच्या वेळी त्याला सोपं जाईल असं काहीतरी आपणच करायचं.

"शब्द कोणता घेऊ?" मी विचारलं. आणि स्वतःच म्हणाले, "शाब्बास घेते. माझ्या तोंडात बसलेला आहे."

तिनं व्हिडिओ थांबवला. "बघ," ती म्हणाली. "जमेल का तुला?"

मला वाटलं, ती पिल्लाबद्दल विचारते आहे.

जमलं की हो! भाकरीचे बारीक कुटके करून मी एका डबीत भरून ठेवायची. सकाळी उठल्या उठल्या पिल्लाला उचलून खालच्या मोकळ्या प्लॉटवर न्यायचं, तिथं त्याचं काम झालं की "शाब्बास!" आणि कुटका. समोरच्या खोलीतल्या बाईला मी दारावर टकटक करायला सांगायची. पिल्लू भुंकलं नाही, की "शाब्बास!" खाली बसलं, "शाब्बास!" हाक मारल्यावर आलं, "शाब्बास!" एवढ्या गोड आवाजात मी बोलू शकते हे मला या वयात कळलं. एकदा त्यानं जिन्यात नको ते केलंच. घरमालकीणबाईंना खबर लागायच्या आत मी बादली घेऊन पायऱ्या धुतल्या आणि त्याला एका शब्दानं बोलले नाही. माझी नवी चप्पल त्यानं चावून टाकली, तेव्हा मी समोरच्या बाईला म्हणाले, "चूक त्याची नाही, मीच तिथं ठेवायला नको होती." असं म्हणताना मी स्वतःवर फार खूश होते, हेही सांगून टाकते.

आणि मला हवं होतं तेही व्हायला लागलं. क्लासहून आली की मुलगी आधी पिल्लाला विचारायची, "आज काय शिकलास रे?" मग उत्तर मी द्यायची. मग ती मला दुरुस्त करायची, "अगं, एवढा वेळ थांबवू नकोस त्याला, लहान आहे तो." मग हळूहळू पिल्लू सोडून बाकीचंही येऊ लागलं. मैत्रिणींच्या मेसमधली भाजी, अभ्यासिकेत घोरणारा मुलगा, केमिस्ट्रीच्या सरांची सवय. मी भाजी निवडत, मध्ये न बोलता ऐकायची. मला तर वाटलं, जिंकलं आपण.

चाचण्यांचे मार्क क्लासवाले आईबापांच्या मोबाईलवर पाठवत. मुलं घरी पोचायच्या आत मेसेज येऊन पडलेला असे. एका रविवारी हे दुपारच्या गाडीनं परत गेले होते आणि मी चहा टाकायच्या बेतात होते. मेसेज आला. मार्क चांगलेच घसरले होते. माझं डोकं फिरलं. समोरच्या बाईला आता काय सांगायचं, हे माझ्या मनात सगळ्यात आधी आलं. तेच आधी आलं, काय करू.

"मम्मी, आज ऑटोत काय झालं माहीत आहे का?" मुलगी दारातूनच सुरू झाली. भिंतीला टेकून एका हातानं बूट काढत होती. चेहरा हसरा होता. मार्क तिला अजून कळले नसावेत, किंवा कळले असतील आणि तरी तिला आधी ऑटोतलं सांगायचं असेल.

"शाब्बास!" मी म्हटलं. तोच सूर. पुढचं वाक्यही तोंडात तयार होतं.

पिल्लू गॅलरीत झोपलेलं होतं. ते धावत आलं. फरशीवर त्याचे पाय घसरले, सावरलं, आणि माझ्यापुढं येऊन ताठ बसलं. शेपटी फरशीवर आपटत होती, डोळे माझ्या हाताकडं. आपण काहीतरी चांगलं केलं आहे. काय ते त्याला ठाऊक नव्हतं, पण मी म्हणते आहे म्हणजे केलंच असणार.

पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. हातातल्या मोबाईलचं काय करावं तेही कळेना. मुलगी पिल्लाकडं बघत होती आणि तिचा चेहरा मघासारखा राहिला नव्हता.

"दे ना त्याला," ती म्हणाली.

मी हलले नाही. मग ती एका पायात बूट तसाच ठेवून आत आली, फळीवरची डबी काढली आणि एक कुटका पिल्लाला दिला. त्याच्या मानेवरून हात फिरवला.

"त्याला वाटलं, तू खरंच शाब्बास म्हणून राहिलीस," ती म्हणाली. रागानं नाही, नवख्याला समजावून सांगावं तशी. "नाही दिलं तर शब्द खराब होतो, मम्मी."

दुसरा बूट काढायला ती परत दाराकडं गेली. ऑटोत काय झालं होतं ते तिनं सांगितलं नाही, आणि विचारायला मला तोंड नव्हतं. मी चहा टाकला, तिनं तो घेतला आणि पुस्तक उघडून बसली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच आवाजाची किळस आली. पोरीला बोललेलं असं मला आजवर कधी ऐकूच आलं नव्हतं, ते एका कुत्र्याच्या शेपटीमुळं ऐकू आलं.

त्यानंतर मी सुधारायचा पुष्कळ प्रयत्न केला. मेसेज आला तरी मी काही बोलायची नाही. मार्क कमी आले तर भजी करायची, जास्त आले तरी भजी करायची. लवकर उठलीस, छान. डबा संपवलास, छान. काही दिवसांनी तिनं वही बाजूला ठेवून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "मम्मी, तू मला ट्रेन करून राहिलीस का?" आम्ही दोघी हसलो. ती खरंच हसली. पण ती आता बोलायची ती शेजारणीशी बोलावं तशी, नीट, मोजून आणि माझा मूड बघून. दारात पाऊल टाकताना आधी माझा चेहरा बघायची आणि मग ठरवायची, सांगायचं की नाही. पिल्लू मात्र दिवसभर माझ्या पायात पायात असायचं.

निकाल लागला तेव्हा ऊन मी म्हणत होतं. मुलगी गार फरशीवर बसली होती आणि पिल्लू तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलं होतं. तिनं मोबाईलवर नंबर टाकला. मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन आकडा वाचला.

"सरकारी कॉलेज मिळेल बहुतेक," ती म्हणाली. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

मी तिच्यासमोर खाली बसले. मला रडू येत होतं. वर्षभर या पोरीनं काय सोसलं, आणि त्यातलं किती माझ्यामुळं, हे सगळं मला बोलायचं होतं. शब्द सापडेना. मग जो जवळ होता तोच आला.

"शाब्बास," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. देवाशपथ.

पिल्लू मांडीवरून टुणकन उठलं आणि माझ्यापुढं येऊन बसलं.

मुलीचं हसू जागच्या जागी थांबलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग मोबाईल पुन्हा डोळ्यांजवळ नेला आणि आकडा परत वाचला.

"का?" तिनं हळूच विचारलं. "काय चुकलं?"