सापळ्यांच्या हंगामाविषयी माझं मत

वस्तीच्या सभागृहात मी हात वर केला तेव्हा शेजारी बसलेल्या नवऱ्याने डोळे मिटून घेतले. पुण्यात आमच्या सोसायटीच्या सभेत मी पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीला कसं धारेवर धरलं होतं ते त्याने पाहिलेलं होतं. जपानात, सेंदाईला आल्यावर तरी ही गप्प बसेल, अशी त्याची भाबडी आशा होती.

सभा होती रानडुकरांबद्दल. प्रीफेक्चरच्या कार्यालयातून, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने राज्य सरकारकडून, एक तरुण अधिकारी आला होता. सापळे लावायचा हंगाम आजवर फेब्रुवारीच्या मध्याला संपायचा. रानडुकरांपुरता तो मार्चअखेरपर्यंत वाढवायचा सरकारचा विचार होता. नियम पक्का करण्याआधी नागरिकांची मतं मागवली होती, वेबसाइटवर लिहा, नाहीतर टपालाने पाठवा, इथे राहणारे परदेशी लोकही लिहू शकतात, असं त्याने अगदी अदबीने सांगितलं आणि विचारलं, "काही प्रश्न?"

सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघत बसले. त्या खोलीत असा एक माणूस नव्हता ज्याचं काही ना काही डुकरांनी उकरलं नव्हतं, पण कुणी चकार शब्द काढला नाही. मग मीच उठले. म्हटलं, मार्चपर्यंतच का, मेपर्यंत का नाही? सापळ्यांची संख्या वाढवणार का? इतकी वर्षं काय केलंत? अधिकाऱ्याने प्रत्येक प्रश्नाला मान लववून उत्तर दिलं, आणि मी भलतीच खूश होऊन खाली बसले.

माझ्या रागाला कारण होतं. आम्ही राहायचो ते शहराच्या टोकाला, बसचा शेवटचा थांबा जिथे आहे आणि जिथून डोंगर सुरू होतो तिथे. नवरा विद्यापीठात संशोधन करायचा, मी घरात बसून पुण्याच्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासायचे, आणि उरलेला जीव एका भाड्याने घेतलेल्या शेताच्या पट्ट्यात घालायचे. मेथी, कोथिंबीर आणि रताळी. त्या वर्षी रताळी अशी काही आली होती की उपासाची मी वाटच बघत होते. काढायच्या आदल्या रात्री डुकरं आली. सकाळी पट्ट्यावर नुसते खड्डे. मी तिथे उभी राहून मराठीत जे काही बोलले ते आसपास कुणाला कळलं नाही हे बरंच झालं.

२०११च्या मोठ्या भूकंपापूर्वी इकडे डुक्कर क्वचितच दिसायचं, असं जुने लोक सांगत. भूकंपानंतर अणुभट्टीचा अपघात झाला, रानडुकराच्या मांसात किरणोत्सार सापडला आणि ते विकायला बंदी आली. मांसच नाही म्हटल्यावर शिकाऱ्यांनी एकेक करून परवाने सोडून दिले. डुकरांना मोकळं रान मिळालं.

आमच्या वस्तीत सापळ्यांचा परवाना असलेला एकच माणूस उरला होता. ऐंशीच्या घरातला शेतकरी. आमच्या पट्ट्याला लागूनच त्यांचं शेत. रताळ्याचे वेल कसे लावायचे ते त्यांनीच मला दाखवलं होतं, आणि त्यांची बायको दर आठवड्याला मुळ्याचं लोणचं देऊन जायची. तोंडावर आम्ही आडनाव घेऊन पुढे आदराचं 'सान' लावायचो, घरात मात्र ते आजोबा आणि त्या आजी. आजोबा सभेला मागच्या रांगेत होते. सभा संपल्यावर जो तो जाता जाता त्यांच्यापुढे वाकत होता, "तुमच्यावरच भरवसा," असं म्हणत होता, आणि आजोबा प्रत्येकापुढे त्याच्याहून खाली वाकत होते.

दुसऱ्याच दिवशी वस्तीच्या समितीचे अध्यक्ष हातभर लांब मुळा घेऊन दारात उभे.

"काल तुम्ही फार छान बोललात," ते म्हणाले. "लेखीही दिलंत तर बरं होईल. आमच्यातल्या कुणी लिहायचं म्हणजे जरा... तुमचं तसं नाही."

तो मुळा हातात धरून मी अशी फुगले की विचारू नका. नवरा म्हणाला, "अगं, तुझं तोंड उसनं नेतायत ते." मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

आजी भेटल्या त्या कचऱ्याच्या दिवशी. कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून कचऱ्यावर जाळं टाकतात. गाडी येऊन गेल्यावर त्या ते जाळं घडी घालत होत्या. मी दुसरं टोक धरलं. बाकीच्या बायका पांगेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत.

"सापळे लावले की रोज जाऊन पाहावे लागतात," त्या म्हणाल्या. "बर्फ पडला तरी. जनावर अडकून राहू नये म्हणून तसा नियमच आहे. आमचे मालक एकटेच जातात."

"रोज?"

"रोज. गेल्या हिवाळ्यात उतारावर घसरले. उठता येईपर्यंत तिथेच बसून राहिले. मला सांगितलं नाही. पँट धुताना मला कळलं." त्यांनी जाळ्याची घडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. "ते वर गेले की खाली माझ्या हातून काही होत नाही. भांडं घासायला घेते आणि तसंच ठेवते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कशीबशी काढते. आता मार्चही."

"तुम्ही त्यांना सांगा ना."

"सांगितलं. 'हं' म्हणाले." त्या हसल्या. "लोकांची शेतं आहेत. ते नाही म्हणायचे नाहीत, आणि मी चारचौघांत म्हणू शकत नाही. तुम्ही लिहिणारच आहात, तर..."

एवढं बोलून त्या वाकल्या आणि निघून गेल्या. जपानी माणूस वाक्य अर्ध्यावर सोडतो तेव्हा उरलेलं अर्धं आपण उचलायचं असतं, एवढं मला तोवर समजायला लागलं होतं.

माझी चांगलीच पंचाईत झाली. हंगाम वाढायला हवा होता, अगदी मनापासून हवा होता. अध्यक्षांच्या मुळ्याची कोशिंबीर आम्ही खाऊनही बसलो होतो. आणि आता डोळ्यांपुढून ते अर्धवट घासलेलं भांडं हलेना. मी लिहायला बसायचे आणि उठायचे. नवरा म्हणाला, "इतकं काय त्यात? न्यूट्रल लिहून टाक काहीतरी."

"न्यूट्रल मत म्हणजे मतच नव्हे," मी म्हणाले. भांडण झालं असतं, पण कुकरची शिट्टी झाली.

शेवटी लिहिलं ते असं: हंगाम जरूर वाढवावा, पण म्हाताऱ्या माणसाला एकट्याने डोंगरावर पाठवू नये. सापळे पाहायला निदान दोघं असावीत. परवाना नसलेल्या लोकांनाही सोबत जाऊन हातभार लावायची मुभा असावी. ज्यांची शेतं वाचतात त्यांनी पाळीपाळीने जावं. लिहिता लिहिता मला जोर चढला आणि शेवटी दोन खडे बोलही सुनावले.

माझं जपानी आमच्या मुलीकडून तपासून घेतलं. ती इथल्याच माध्यमिक शाळेत. मी मराठीत विचारायचं आणि तिने निम्मं जपानीत उत्तर द्यायचं, असा आमचा संवाद. तिने वाचलं, खडे बोल खोडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"आई, होन्तो नी? खरंच पाठवणार तू हे?"

"का? चुकलंय काही?"

"चुकलं नाहीये. पण इइदाशिप्पे होशील तू."

"म्हणजे?"

"म्हणजे जो पहिल्यांदा म्हणतो ना, त्यालाच करावं लागतं. वर्गात कुणी म्हणालं, आपण कासव पाळू या, की कासवाचं पाणी वर्षभर त्यानेच बदलायचं. म्हणून कुणी काही म्हणतच नाही."

मी हसले. म्हटलं, हे सरकार आहे, तुमचं कासव नाही. आमच्याकडे मत द्यायचं असतं, ते दिलं की आपलं काम संपतं. उंटावरून शेळ्या हाकण्यात आमच्या घराण्याचा हात धरणारं कुणी नाही. आणि मी बटण दाबलं.

काही महिन्यांनी सरकारचं उत्तर वेबसाइटवर आलं. सगळ्यांची मतं नावं काढून, थोडक्यात करून मांडलेली, आणि प्रत्येकासमोर सरकारचं म्हणणं. माझ्या दोन पानी मताचं एक मिळमिळीत वाक्य झालं होतं: वयस्कर सापळेधारकांवर अतिरिक्त भार पडू नये. उत्तरात म्हटलं होतं की हंगाम मसुद्याप्रमाणेच वाढेल. मात्र परवानाधारकाच्या देखरेखीखाली इतरांना मदत करता येते, आणि स्थानिक रहिवाशांनी त्यासाठी पुढे यावं अशी अपेक्षा आहे. मी ते घरभर वाचून दाखवलं. मुलगी फक्त "बघ" म्हणाली.

त्याच आठवड्यात अध्यक्ष आले. या वेळी हातात मुळा नव्हता, पाळ्यांचा तक्ता होता. कचऱ्याच्या जागेच्या सफाईसाठी असतो तसाच, रंगीत चौकटींचा. सगळ्या चौकटी कोऱ्या. फक्त पहिल्या रविवारी आमचं नाव.

"तुमच्यामुळे हे शक्य झालं," ते इतक्या आनंदाने म्हणाले की मला तोंड उघडायला जागाच राहिली नाही. आतून नवऱ्याचं हसणं ऐकू येत होतं.

खरं सांगायचं तर लोकांची तयारी आधीपासूनच होती, पहिलं नाव कुणाचं एवढंच अडलं होतं. आमचं नाव लागल्यावर तक्ता बघता बघता भरला, आणि रविवार माझ्याकडेच राहिले. मला भीती होती ती आजोबांची. त्यांना न विचारता मी त्यांना म्हातारं ठरवलं होतं, तेही सरकारदरबारी. संध्याकाळी बेल वाजली तेव्हा मी माफीची सगळी जपानी वाक्यं मनात जुळवत दार उघडलं. आजोबांनी माझ्या पायांकडे पाहिलं, पिशवीतून रबरी बूट काढून दारात ठेवले आणि म्हणाले, "हिचे आहेत. तुम्हाला येतील."

ते रविवार माझ्या आयुष्यातल्या बऱ्या दिवसांपैकी आहेत. उजाडताना निघायचं. आजोबा पुढे, मी मागे, बोलणं जवळजवळ नाहीच. लांबूनच सापळ्याच्या पिंजऱ्याचं दार पाहायचं; उघडं असलं तर आत आमिषाचा ताजा कोंडा टाकायचा, चिखलातल्या खुरांचे ठसे बघायचे आणि पुढच्या पिंजऱ्याकडे जायचं. उताराच्या निसरड्या जागी ते मागे न पाहता हात पुढे करायचे. बरेच रविवार मला वाटत होतं की ते मला सांभाळतायत. मग एकदा लक्षात आलं की त्या हाताने तेही मला घट्ट धरून असतात.

मार्च निम्मा झाला आणि ओला, जड बर्फ पडला. त्या सकाळी वरच्या पिंजऱ्याचं दार पडलेलं होतं. आत मोठं डुक्कर होतं. आमची चाहूल लागताच ते गजांवर धडकायला लागलं. त्याच्याकडे बघताना मला रताळ्यांचा राग आठवेना, पण त्याला सोडून द्यावं असंही वाटलं नाही. पुढचं काम दोघा परवानेवाल्यांचं. आजोबांनी शेजारच्या गावातल्या सोबत्याला फोन केला, मला खालच्या वळणावर पाठवलं, आणि तो माणूस बर्फातून येईपर्यंत, मग सगळं उरकेपर्यंत, खूप उशीर झाला.

आजींना कळवावं म्हणून मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, कुणी उचलला नाही. आजोबा खाली आल्यावर त्यांना सांगितलं. त्यांनी स्वतः लावून पाहिला. वाजून वाजून बंद झाला. त्यांनी फोन खिशात टाकला आणि चालायला लागले, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्यांना घाई करताना पाहिलं. निसरड्या जागीही थांबले नाहीत. मी मागून ओरडत होते, सावकाश, सावकाश.

दार नुसतं लोटलेलं होतं. आजोबांनी हाक मारली, उत्तर नाही. त्यांचा एक बूट निघेना, तो मीच ओढून काढला.

आतल्या खोलीत, रजई अंथरलेल्या उबदार बैठ्या टेबलाशी आजी झोपल्या होत्या. गाल हातावर, तोंड जरासं उघडं, चांगल्या घोरत होत्या. फोन स्वयंपाकघरात ओट्यावर पडला होता. भांडी सगळी घासून पालथी घातलेली.

आजोबा त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसले. मग दबक्या आवाजात म्हणाले, "मी वर असताना ही कधी झोपत नाही." आणि थोड्या वेळाने, "हिला रोज असं होत असेल. मला आज उतरताना झालं तसं."

मी डोळे पुसले आणि बर्फामुळे असल्याचं दाखवलं. आजोबांनी रजई ओढून आजींच्या खांद्यापर्यंत आणली आणि माझ्याजवळ येऊन, त्या जागू नयेत म्हणून अगदी हळू विचारलं, "उद्या सोबत कोण आहे?"

उद्या पाळी अध्यक्षांची होती, आणि त्यांची कंबर धरलेली आहे हे अख्ख्या वस्तीला माहीत होतं.

"मी आहे," मी म्हणाले.