काढलेलं कुंपण

उतरताना माझ्या भावाचं ग्लायडर शेंद्र्याजवळ एका शेताच्या कुंपणाच्या तारेत अडकून उलटलं आणि तो गेला. त्या शेताचे मालक दर हिवाळ्यात पुंडलिकनगरला आमच्याकडे येतात. चपला जिन्याखालीच काढतात, पाणी उभ्यानंच पितात आणि तेच विचारतात, "सर, चौकशीत माझी तार लिवली का?"

"नाही. संभाव्य कारण, वैमानिकाचा उंचीचा अंदाज चुकला."

"संभाव्य म्हंजी पक्कं नाय ना?"

"नाही."

"मंग झालं."

भावावरचा ठपका ते असा स्वतःवर मागून घेतात.

कुंपण त्यांनी अपघाताच्याच आठवड्यात काढलं. तेव्हापासून रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप हरभऱ्यात शिरतात. यंदा त्यांनी आणलेली हरभऱ्याची पिशवी अर्धीच होती.

"रोह्यांनी ठेवला तेवढा आणलाय," ते म्हणाले.